पांढऱ्या फुलांचं हे झुडूप कोणतं? (देवराई, राजापूर तालुका)

सडेवाट | १४ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

सुट्टीत गावी आलेय. आमच्या देवीच्या राईत, देवळामागच्या उताराला, गेले आठ दिवस एक झुडूप नुसतं भरून फुललंय. त्याचं नाव हवंय, आणि जरा घाई आहे. पावसाआधी जत्रेची पायवाट रुंद करायचं ठरलंय. वाटेच्या दोन्ही अंगांची ‘फालतू झुडपं’ काढायची आहेत, त्यात हे आहे. बैठकीत मी ‘एवढं राहू द्या’ म्हटलं, तर लगेच प्रश्न आला, ‘हे आहे तरी काय?’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून चैन नाही.

फोटो तिन्हीसांजेला काढले, वाऱ्याने हलले. म्हणून शब्दांत सांगते. उंची माझ्या खांद्यापर्यंत, दोन-तीन झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. खालपासूनच फांद्या फुटलेल्या. पानं समोरासमोर, वीतभराहून थोडी आखूड, मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळती. कडा सरळ, दाते नाहीत. फुलं फांदीच्या टोकाला घोसात, पांढरीशुभ्र. घोस माझ्या तळहाताएवढा. वास गोड, आणि अंधार पडला की वाढतो.

मला कुडा वाटला. पण शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘कुडा नव्हे गो. जन्मभर कुड्याची फुलं भाजीला खुडली, मला कळणार नाही होय?’ मग हे काय, तर त्यांना नाव आठवेना.

पानगळ | १४ मे, रात्री ९:४२

कुडाच असणार. मे महिना, पांढरी फुलं, समोरासमोर पानं, सुवास. सगळं जुळतंय. आजींचा मान राखून म्हणतो, कुड्यातही पांढरा कुडा आणि काळा कुडा असे दोन आहेत. त्या भाजीला पांढऱ्याची फुलं घेत असतील, तुम्ही बघताय तो काळा असेल.

रानभाजी | १४ मे, रात्री १०:०५

माझा कौल आजींना. जिने एखादं झाड वर्षानुवर्षं हाताने खुडलंय तिचं ‘हे नव्हे’ फार मोलाचं असतं, नाव येवो न येवो.

ताई, उद्या एक पान देठापाशी मोडून बघा. कुडा पांढरा असो की काळा, दोन्ही कण्हेरीच्या कुळातले, पान मोडलं की दुधासारखा चीक यायलाच हवा. मग फुलाच्या पाकळ्या मोजा. कुड्याला पाच असतात आणि त्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका बाजूला कललेल्या असतात. पांढऱ्या कुड्याच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. शिवाय गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा जोडीजोडीने लोंबताना दिसतात का तेही पाहा, वीतभर किंवा त्याहून लांब. आपल्या डोळ्यांना ‘पांढरं फूल’ एवढंच आधी दिसतं, म्हणून कुडा, तगर, करवंद, अनंत सगळे एकाच टोपलीत जातात.

ओढ्याकाठी | १४ मे, रात्री १०:३०

तुमचा हललेला फोटोच मी मोबाइलच्या ओळख-अ‍ॅपमध्ये टाकला. पहिल्यांदा कॉफी म्हणालं, दुसऱ्यांदा इक्सोरा. राजापूरच्या राईत कॉफी कुठून येणार? पण इक्सोरा म्हणजे आपली दारातली पेंटगूळ. ती लाल असते ना?

सडेवाट | १५ मे, सकाळी ८:२०

आत्ताच जाऊन आले. मोबाइलवर टिपून घेतलंय तसं लिहिते.

चीक नाही. तीन वेगवेगळ्या झुडपांची एकेक पानं मोडली, देठ कोरडा. पाकळ्या चार. पाच मिळेल म्हणून वीस तरी फुलं मोजली, सगळीकडे चारच. पाकळ्यांखाली बारीक नळी आहे, दोऱ्यासारखी सडपातळ, माझ्या करंगळीच्या दोन पेरांहून थोडी कमी. आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध नळीतून एक पांढरा दोरा सरळ बाहेर आलाय. पाकळीच्या दुप्पट तरी लांब, टोकाला किंचित जाड. घोसात अशी शेकडो फुलं, त्यामुळे दुरून तो घोस साळिंदराने काटे उभारावेत तसा दिसतो. काल हा दोरा मी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तर कुडा म्हटलंच नसतं.

शेंगा नाहीत. पानाला देठ आहे, बोटाच्या पेराएवढा.

पानगळ | १५ मे, सकाळी ८:४१

मग कुडा नाही. शब्द मागे घेतो, आजींना माझा नमस्कार सांगा. वाट बघतोय.

भिंगवाला | १५ मे, सकाळी ११:१५

सडेवाट ताई, वर्णन उत्तम केलंत. ‘पाच मिळेल म्हणून वीस फुलं मोजली’ हे वाचून खरंच आनंद झाला. ओळख पटवताना आपल्या अंदाजाच्या विरुद्ध पुरावा शोधणारी माणसं फार कमी असतात.

आता फूल बाजूला ठेवा आणि पानाच्या बुडाशी या. समोरासमोरची दोन पानं फांदीला जिथे चिकटतात, तिथे त्या दोन देठांच्या मधल्या जागेत एक लहान त्रिकोणी पापुद्रा दिसेल, टोकदार. त्याला उपपर्ण म्हणतात. जुन्या फांदीवर गळून गेलेला असतो, नुसता व्रण राहतो, म्हणून शेंड्याच्या पहिल्या दोन-तीन पेरांवर बघा. समोरासमोर साधी पानं, सरळ कडा आणि देठांच्या मधे उपपर्ण, ही तिन्ही एकत्र आली की झाड बहुतेक कदंबाच्या कुळातलं, म्हणजे रुबिएसीतलं. कदंब, अनंत, गेळा, भुतकेस, बारतोंडी, पेंटगूळ आणि कॉफीसुद्धा याच घरातली. त्यामुळे ओढ्याकाठी यांचं अ‍ॅप अगदीच चुकलं नाही, घर बरोबर सांगितलं, माणूस चुकला.

या घरातली चार पाकळ्यांची, बारीक नळीची, घोसाची पांढरी झुडपं आपल्याकडे मुख्यत्वे दोन वंशांतली: इक्सोरा आणि पॅव्हेटा. आणि हो, इक्सोरा सगळी लाल नसते. दारातली पेंटगूळ लाल, पण सह्याद्रीच्या रानात पांढऱ्या फुलांचीही आहे. त्यातल्या एकीचं शास्त्रीय नाव इक्सोरा निग्रिकन्स, निग्रिकन्स म्हणजे काळी पडणारी, कारण तिची पानं वाळताना काळवंडतात.

या दोघींतला फरक तुम्ही अर्धा लिहिलाच आहे. तो लांब दोरा म्हणजे कुक्षीवृंत, आणि टोकाचा जाड भाग ही कुक्षी. इक्सोरात तो नळीच्या तोंडातून थोडासाच डोकावतो आणि उमललेल्या फुलात टोकाला दोन फाटे होऊन बाहेर वळतात. पॅव्हेटात तो खूप लांब येतो आणि टोक अखंड, चातीसारखं. तुमच्या दारात पेंटगूळ असेल तर तिचं एक फूल आणि राईतलं एक फूल शेजारी ठेवून बघा.

पण खात्रीची खूण पानात आहे. एक पूर्ण वाढलेलं पान घ्या, उजेडासमोर धरा आणि आरपार बघा. काय दिसतं ते इथे लिहा. मी मुद्दाम आधी सांगत नाही, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा.

रानभाजी | १५ मे, सकाळी ११:२२

भिंगवाले काका, आता माझाच जीव टांगणीला लागलाय.

सडेवाट | १५ मे, दुपारी ४:५०

दुपारी जेवण झाल्याबरोबर गेले. आधी उपपर्ण पाहिलं. आहे! शेंड्यापाशी दोन देठांच्या मधे हिरवा छोटा त्रिकोण, त्याला बारीक टोक. इतकी वर्षं पेंटगुळीची फुलं देवाला वाहतोय, तिलाही हा आहे हे आज पहिल्यांदा पाहिलं.

मग पान. राईत ऊन गाळून येतं, म्हणून एक पान घेऊन देवळासमोरच्या मोकळ्या सड्यावर आले आणि आभाळाकडे धरलं. शिरांची जाळी दिसली, आणि जाळीच्या मधे काळे ठिपके. खूप. तिळाहून लहान, खसखशीएवढे, काही जरा लांबट. रांगेत नाहीत, काठाला नाहीत, पानभर विखुरलेले. पालथं करून बोट फिरवलं तर काही जागी अगदी बारीक उंचवटा लागला. नखाने खरवडला, निघाला नाही. ठिपका पानाच्या वर बसलेला नाहीये, पानाच्या आतच आहे.

दुसऱ्या झुडपाचं पान पाहिलं, तसंच. तिसऱ्याचं, तसंच. घरी येऊन पेंटगुळीचं पान धरलं. स्वच्छ हिरवं, एकही ठिपका नाही.

हे काय आहे?

ओढ्याकाठी | १५ मे, संध्याकाळी ५:१०

कीड किंवा बुरशी तर नसेल? आमच्याकडे आंब्याच्या पानांवर असे काळे डाग पडतात.

भिंगवाला | १५ मे, संध्याकाळी ६:३०

अभिनंदन ताई. तुमचं झुडूप पॅव्हेटा. मराठीत पापट.

ओढ्याकाठी, शंका रास्त आहे, हे रोगाचेच डाग वाटावेत असे असतात. पण रोगाचे डाग एका पानावर दाट तर शेजारच्या पानावर विरळ असतात, त्यांच्याभोवती बहुधा पिवळट कडं असतं, आणि पान म्हातारं होतं तसे ते पसरतात. इथे राईतल्या प्रत्येक झुडपाच्या प्रत्येक पानात ठिपके आहेत, मापाने सारखे आहेत आणि पान ठणठणीत आहे.

त्या प्रत्येक ठिपक्यात जिवाणू राहतात. पानाच्या आत त्यांच्यासाठी झाडाने केलेली ती खोलीच आहे. १९०२ साली त्सिमरमन नावाच्या शास्त्रज्ञाने या कुळातल्या काही झाडांच्या पानांतल्या या जिवाणूंच्या गाठींवर पहिल्यांदा लिहिलं. मला सगळ्यात हृद्य वाटते ती त्यांची बिऱ्हाडं बदलण्याची रीत. फांदीच्या शेंड्यावर, कळीच्या आत, उपपर्णाच्या कुशीत एक चिकट रस असतो. जिवाणू त्या रसात वाट बघत असतात. नवं पान तयार होऊ लागलं की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात आणि तिथे गाठ धरते. फुलातून ते बीपर्यंत पोचतात, म्हणजे रोप उगवतं तेच हे बिऱ्हाड घेऊन. अशा झाडांतले जिवाणू काढून टाकले तर रोपं खुरटतात असंही प्रयोगांत दिसलंय. इतकं जुनं आणि घट्ट नातं आहे, आणि ते बघायला फक्त पान उजेडात धरावं लागतं.

एक जपायचं. सगळेच ठिपके पॅव्हेटाचे नसतात. कढीलिंबाचं पान उजेडात धरा, ठिपके दिसतील पण ते काळे नसून उजळ, काचेसारखे. त्या तेलाच्या ग्रंथी. धायटीच्या पानाखाली काळपट ठिपके असतात, पण ते पृष्ठभागावरच्या ग्रंथींचे. म्हणून ठिपका एकटा धरू नका. समोरासमोर पानं, उपपर्ण, चार पाकळ्या, लांब दोरा आणि आरपार दिसणारे काळे ठिपके, सगळं जुळलं तर पॅव्हेटा.

पॅव्हेटातली नेमकी जात कोणती, हे ठरवायला फुलाच्या तळाच्या हिरव्या पेल्यावरची लव, नळीची लांबी वगैरे भिंगाखाली बघावं लागतं. तुमच्या बैठकीसाठी वंश पुरे आहे.

उंबरछाया | १५ मे, रात्री ८:०५

सुंदर धागा. नावाबद्दल थोडं. ‘पॅव्हेटा’ हे लॅटिन वाटतं, पण आहे मल्याळम: पावट्टा. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातून ते युरोपात गेलं आणि लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली पॅव्हेटा इंडिका हे नाव रूढ केलं. त्या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन ग्रंथात छापलेलं आहे. इक्सोरा हे नावही आपल्याकडचंच, ईश्वर या शब्दावरून गेलेलं. म्हणजे दोन्ही झुडपांची नावं इथून गेली आणि लॅटिन पोशाख घालून परत आली.

पानगळ | १५ मे, रात्री ८:३०

त्या दोऱ्याबद्दल विचारायचं होतं. इतका लांब कशाला?

भिंगवाला | १५ मे, रात्री ९:१५

पापट आणि इक्सोरा दोघांतही एक गंमतीची सोय आहे. कळी उमलायच्या आधीच परागकोश फुटतात आणि आपले पराग या दोऱ्याच्या टोकाला फासतात. मग फूल उघडतं, दोरा लांबतो आणि परागांचं टोक बाहेर धरून उभा राहतो. परागकोश बिचारे रिकामे होऊन, पीळ पडून पाकळ्यांच्या मधे लोंबतात. नळीतल्या मधासाठी आलेल्या पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अंगाला टोक लागतं, पराग जातात. कुक्षी पराग घ्यायला तयार होते ती त्यानंतर. ताई, उद्या नुकतं उमललेलं फूल आणि आदल्या दिवशीचं फूल शेजारी ठेवा. ताज्या फुलाच्या टोकाला पिवळसर भुकटी असेल.

पांढरा रंग, लांब बारीक नळी आणि अंधारात वाढणारा वास, म्हणजे पाहुणे मुख्यतः रात्रीचे. टॉर्चवर लाल कागद लावून तासभर बसलात तर पतंग दिसतील.

सडेवाट | १७ मे, रात्री ११:३०

बैठक झाली. सविस्तर सांगते, कारण हे तुमच्याशिवाय झालं नसतं.

आजींना आधी नाव सांगितलं. ‘पापट’ म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘पापडी. माझ्या माहेरी पापडी म्हणत.’ मी नाव मिळालं म्हणून खूश होऊन बैठकीत ‘ही पापडी आहे’ असं सांगितलं, आणि तिथेच अडले. एक काका म्हणाले, पापडी तर मोठं झाड, चपट्या पापुद्र्याच्या बियांचं, हे कुठून पापडी? ते वावळ्याबद्दल बोलत होते, त्यालाही काही ठिकाणी पापडी म्हणतात. मग पापडी कुठली खरी यावरच बोलणं चाललं आणि झुडूप बाजूलाच राहिलं.

तेव्हा मी पिशवीतून पान काढलं. देवळाच्या ओसरीवर दिवे मंद होते. मोबाइलचा टॉर्च लावून पान त्यावर धरलं आणि त्या काकांच्या हातात दिलं. सोबत पेंटगुळीचंही. त्यांनी दोन्ही आलटूनपालटून पाहिली. मग पान हातोहात फिरलं. पोरं तर टॉर्चभोवती जमलीच, पण वाट रुंद करा म्हणून सगळ्यात आग्रह धरणाऱ्या दादांनी ते पान बराच वेळ डोळ्याजवळ धरून ठेवलं आणि विचारलं, ‘हे सगळ्या पानांत असतं?’ मी म्हटलं, चला, बघू. रात्री साडेनऊला दहा-बाराजण बॅटऱ्या घेऊन उताराला गेलो आणि झुडपावरच पानांखालून उजेड टाकत प्रत्येकाने खात्री करून घेतली. वर फुलांवर दोन मोठे करडे पतंग घिरट्या घालत होते. कुणीतरी ‘आवाज करू नका’ म्हणालं.

वाट उताराच्या वरच्या अंगाने न्यायचं ठरलं. थोडं वळण पडेल. नऊ झुडपं वाचली, दोन जातील, ती अगदी पायरीलाच आहेत.

रानभाजी | १७ मे, रात्री ११:४८

डोळ्यांत पाणी आलं ताई. त्या दोन झुडपांच्या फांद्या पाऊस सुरू झाला की लावून बघता येतील का?

भिंगवाला | १८ मे, सकाळी ७:१०

फांद्यांपेक्षा बिया गोळा करणं सोपं. दोन झुडपं जाणार असली तरी नऊ आहेत, फळं पुष्कळ मिळतील. वाटाण्याएवढी गोल फळं धरतात, आधी हिरवी, पिकली की काळी चकचकीत. बुलबुलांच्या आधी पोचा. फळं खाऊन मात्र बघू नका. पक्ष्यांना चालतं ते आपल्याला चालतंच असं नाही, आणि दक्षिण आफ्रिकेत पॅव्हेटाच्या काही जाती खाल्ल्याने गुरांना हृदयाचा जीवघेणा आजार होतो.

सडेवाट | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

गणपतीच्या तयारीला गावी आले, आधी उताराला गेले. घोसांच्या जागी फळं आहेत, बरीचशी काळी, प्रत्येकाच्या टोकाला फुलाच्या पेल्याचा चिमुकला मुकुट अजून शिल्लक. एक दाबून पाहिलं, आत दोन बिया, एकमेकींना चपट्या बाजूने लागलेल्या. मूठभर आणल्यात आणि राईतलीच माती घालून लावल्यात.

कातळफूल | २ मार्च, दुपारी १:२०

जुना धागा वर काढतेय, माफ करा. आमच्या डोंगरावरच्या झुडपाच्या पानांत काळे ठिपके आहेत, पानं समोरासमोर. पण फुलं लालभडक, फांदीलाच चिकटून, छोट्या नळ्यांसारखी. पापटाचीच लाल जात का?

रानभाजी | २ मार्च, दुपारी २:०५

पान उजेडात आरपार धरून बघा, आणि देठांच्या मधे त्रिकोणी उपपर्ण आहे का तेही.

कातळफूल | २ मार्च, संध्याकाळी ६:४५

उपपर्ण नाही. ठिपके फक्त पानाच्या खालच्या बाजूला, भिंगातून पृष्ठभागावरच दिसतात. पानाला देठही नाही म्हणा.

रानभाजी | २ मार्च, संध्याकाळी ६:५२

धायटी. आत्ता बहरात असेल, फुलचुखे बघून या.

सडेवाट | २ मार्च, रात्री ९:३०

धागा वर आलाच आहे तर सांगते. ऑगस्टमधल्या बियांची सहा रोपं उगवलीत, वीतभरही नाहीत. त्यातल्या एकाला परवा नवीन जोडी फुटली, पान माझ्या करंगळीच्या नखाएवढं, अजून तांबूस. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. अकरा ठिपके मोजले.